दुसरीचा दम

१

माणूस समोर येऊन बसला की ऐश्वर्या सुर्वे त्याच्या चेहऱ्याकडे नंतर बघायची. आधी नजर जायची गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांवर. बोलायला तोंड उघडायच्या आत ती हाडं टुणकन वर उचलली गेली, की तिला कळायचं: हा वरच्या वर श्वास घेतो, म्हणून संध्याकाळपर्यंत याचा घसा बसतो. शाळेतल्या बाई असोत, वकील असोत, नाहीतर बँकेच्या फोनवर दिवसभर बोलणारी पोरं असोत, सगळ्यांची चोरी त्या दोन हाडांपाशी पकडली जायची.

चौदा वर्षं ती हेच करत होती. सकाळी ठाण्यातल्या एका घशाच्या डॉक्टरांकडे, आणि दुपारनंतर ज्यांना दवाखान्यात यायला जमत नाही त्यांच्या घरी. पाय जमिनीला टेकवून कसं बसायचं, मान कशी सैल सोडायची, खालच्या बरगड्या बाजूला कशा उघडायच्या, हे शिकवायचं. शिंप्याची टेप, स्टॉपवॉच आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर एवढं सॅकमध्ये टाकलं की तिचा दवाखाना तयार. नवरा ऋतुराज घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. तो म्हणायचा, "तू लोकांना श्वास घ्यायला शिकवतेस हे मी ऑफिसात सांगतो ना, तेव्हा सगळे आधी हसतात आणि मग गुपचूप पोट आत-बाहेर करून बघतात."

फेब्रुवारीत तिला एक फोन आला. पोरीचा आवाज होता, घाईतला.

"मॅडम, मी करिश्मा भोईर, बाळकुमवरून बोलतेय. माझ्या आज्जीचा आवाज गेलाय. आणि एप्रिलमध्ये माझं लग्न आहे."

"घसा तपासून घेतलाय?"

"दोनदा. दुर्बिणीने बघितलेलं. स्वरतंतू एकदम ओके आहेत म्हणतात. पण ती फक्त कुजबुजते. आणि मॅडम, तिने लग्नात गायला पाहिजे. माझी आज्जी धवलारीण आहे."

आगरी लग्नात धवलारीण धवळे म्हणते आणि त्या गाण्यांवर विधी चालतात, एवढं ऐश्वर्याला ठाऊक होतं. प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला बोलावता येणार नाही?"

"येईल ना. कोलशेतला आहेत, ढोकाळीला आहेत. पण चाळीस वर्षं हिने सगळ्या गावाची लग्नं लावली, आणि नातीच्या मांडवात बाहेरची बाई बसवायची? ती लाजेने मरेल, मॅडम."

२

बाळकुमला टॉवरांच्या मधोमध भोईरांचा तीनमजली बंगला उभा होता. शेतं आणि खाडीकडची मिठागरं गेली, घर तेवढं राहिलं. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत सोफासेट होता, पण सगुणाबाई सोफ्यावर बसत नव्हत्या. भिंतीला टेकून चटई अंथरलेली होती, तिच्यावर डाव्या टोकाला त्या बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांची, काळीसावळी, रेखीव बाई. चटई चांगली लांबरुंद होती. उजवीकडची अर्धी मोकळी होती.

ऐश्वर्याने सवयीने हाडांकडे पाहिलं. हाडं हलत नव्हती. तिला बरं वाटलं. म्हणजे श्वास खोल आहे, काम सोपं आहे.

"आजी, 'स्स्स' असा आवाज काढा. टायरमधून हवा जाते तसा. संपेपर्यंत."

सगुणाबाईंनी काढला. चार सेकंदांत संपला.

"परत. आधी पोटभर श्वास घ्या."

"दम घेवाची सवय नाय मना," त्या कुजबुजल्या. कुजबुज असली तरी शब्द ठाशीव होते.

ऐश्वर्या हसली. सगळे पेशंट असं काहीतरी बोलतात. तिने त्यांना सरळ बसवलं, खांदे मागे घेतले, डोकं मधोमध आणलं. दोन मिनिटांत डोकं परत उजवीकडे कललं. शेजारचं कुणी कानात सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी ती मान होती. ऐश्वर्याने तीनदा सरळ केली, तीनदा ती तिथेच गेली. वहीत तिने लिहिलं: मानेचा कल उजवीकडे, जुनी सवय.

निघताना करिश्मा फाटकापर्यंत आली. "आवाज कधी गेला?" ऐश्वर्याने विचारलं.

"छोटी आज्जी गेली ना, त्याच दिवशी. कलावती आज्जी. हिची धाकटी जाऊ. दोघी मिळून गायच्या. एकीने ओळ सोडली की दुसरी उचलायची, मध्ये टाचणी जायला जागा नाही. मागच्या मेमध्ये ती वारली. फक्त बासष्ट वर्षांची होती."

"कशाने?"

"फुप्फुसं. डॉक्टर बोललेले, फुगून फुगून सैल पडलीत, जुन्या फुग्यासारखी. शेवटी हवा आत जायची, पण बाहेर पडायचीच नाही. शेवटच्या दोन वर्षांत तर तिच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजायची. चुलीच्या धुराने होतं म्हणे."

"होतं," ऐश्वर्या म्हणाली. खरंच होतं. जन्मभर चूल फुंकलेल्या बायकांचे असे एक्स-रे तिने पाहिले होते. मग स्कूटर सुरू करता करता तिच्या मनात आलं, चूल तर दोघींची एकच असणार.

३

तीन आठवड्यांत आवाज यायला लागला. आधी 'म्म' असा गुंजारव, मग एक-दोन शब्द, मग एक दिवस अख्खी ओळ. ऐश्वर्याला स्वतःच्या कामाचं कौतुक वाटलं. सगुणाबाई समोर गात नव्हत्या, म्हणून तिने करिश्माला सांगून ठेवलं: रोज सकाळी आजींच्या शेजारी फोन ठेवायचा, रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं.

आलेली प्रत्येक क्लिप ती तीनदा ऐकायची. एकदा शब्दांसाठी, एकदा सुरासाठी, आणि तिसऱ्यांदा फक्त श्वासासाठी. हेडफोन लावून, कागदावर रेघ ओढत. आवाज चालू तोवर रेघ, श्वास घेतला की फुली.

सगुणाबाईंच्या पहिल्या मोठ्या क्लिपला तिने अशीच रेघ ओढली. कागद संपला. तिने खालच्या ओळीवर घेतली, तीही संपली. एक मिनिट वीस सेकंद रेघ कुठे तुटलीच नाही. ओळींमागून ओळी, रुंद, संथ, जमिनीवरून पाणी सरकावं तशा.

फुल्या मात्र होत्या. सहा फुल्या. ओळींच्या मध्ये नव्हत्या, ओळींच्या आत होत्या. आवाज चालू असताना, त्याच्या खालून, कुणीतरी श्वास आत घेत होतं. भरपूर, सावकाश, आणि शेवटी बारीक शिट्टी.

तिने परत ऐकलं. घशाला दार एकच. एका वेळी हवा आत तरी येते, नाहीतर बाहेर तरी जाते. हे ती कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी शिकवायची.

उघड होतं, खोलीत दुसरं कुणीतरी होतं. तिने करिश्माला फोन लावला.

"तू रेकॉर्ड करताना शेजारी बसतेस का गं?"

"नाही मॅडम. कुणी असलं की ती गातच नाही. मी फोन ठेवते आणि वर जाते. घरी दुसरं कोण नसतं त्या टायमाला."

संध्याकाळी तिने ऋतुराजला क्लिप ऐकवली. त्याने कान देऊन ऐकली. "हे फोन लय शहाणे झालेत आता. आवाज साफ करायला जातात, आणि पाहिजे तिथे तुकडा कापतात, पाहिजे तिथे चिकटवतात. श्वास पुढेमागे झालाय, बस."

"मग शिट्टी?"

"फ्रिज असेल, पंखा असेल."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तिने ते दोन दिवस पटवून घेतलं. पण तिसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये एका मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून त्यांचा श्वास मोजताना तिच्या लक्षात आलं, गेले दोन दिवस आपण एकाच गोष्टीचा विचार करतोय. तिला भीती वाटत नव्हती. जाणून घ्यायचं होतं, नुसतं जाणून घ्यायचं होतं. लहानपणी घड्याळ उघडून बघताना वाटायचं तसं.

४

"आजी, आज माझ्यासमोर गायचं," ती म्हणाली. "मी डोळे मिटते हवं तर. पण मला तुमच्या पाठीवर हात ठेवायचाय."

सगुणाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुना गानं आयकाचं हाय का मना बगाचं हाय?"

"तुमचा श्वास बघायचाय."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "ठेव हात."

ऐश्वर्या त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली. छातीभोवती टेप गुंडाळली, तिची टोकं डाव्या हाताच्या चिमटीत धरली आणि उजवा तळवा पाठीवर, शेवटच्या बरगड्यांवर टेकवला. करिश्मा वर होती. बाहेर नव्या टॉवरच्या पायासाठी कुठेतरी ठोकाठोकी चालली होती. भर दुपार होती. पडद्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा चटईच्या मोकळ्या अर्ध्या भागावर पडला होता.

सगुणाबाई गाऊ लागल्या.

आवाज मोठा नव्हता, पण पाठीच्या हाडांतून तो तिच्या तळव्यात उतरला. मधमाश्यांच्या पोळ्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं. ती वाट बघत राहिली. आता पहिली ओळ संपेल, आता बरगड्या उघडतील, टेप चिमटीतून सरकेल. ओळ संपली. दुसरी सुरू झाली. टेप सरकली नाही. तिसरी, चौथी. एक मिनिट झालं. तळव्याखाली पाठ अशी स्थिर होती, जसा जात्याचा दगड. दीड मिनिट. माणसाची छाती गाताना निदान रिकामी तरी होत जाते, खचते. ही खचतही नव्हती.

आणि उजवीकडे, हाताच्या अंतरावर, ऊन पडलेल्या चटईच्या उंचीवर, कुणीतरी श्वास घेतला.

आत, आत, आत, आणि शेवटी शिट्टी.

ऐश्वर्याने मान वळवली. चटई. ऊन. उन्हात तरंगणारी धूळ. एवढंच तिने पाहिलं, की ती धूळ खाली बसत नव्हती, एका जागेकडे ओढली जात होती. मग ठोकाठोकी थांबली आणि धूळ पुन्हा साध्या धुळीसारखी झाली.

गाणं संपल्यावर तिने सगुणाबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. अठ्ठ्याण्णव. तिने ते स्वतःच्या बोटाला लावलं. पंच्याण्णव.

"तुम्हाला दम लागत नाही, आजी?"

"मना कदी लागलाच नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "कला घेयाची, मी सोराची. आमचा तसाच व्हता, ती नवी नवरी व्हती तवापासून."

"म्हणजे ती श्वास घ्यायची, आणि तुम्ही सोडायचात?"

"आनि काय सांगलाय मी?"

हे बाईच्या बोलण्याची तऱ्हा म्हणून सोडून देता आलं असतं. गाणाऱ्या जोड्या असं बोलतातच. घरी जाताना माजिवड्याच्या सिग्नलला उभी असताना ती तेच स्वतःला समजावत होती. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तेव्हा तिला कळलं की सिग्नल हिरवा झालाय.

५

पुढच्या बुधवारी ती रेकॉर्डर घेऊन गेली. आवाज कुठल्या बाजूने येतो हे नुसत्या यंत्राला कळणार नव्हतं, म्हणून रेकॉर्डर मांडीवर घेऊन स्वतःच तिथे बसायचं तिने ठरवलं. ऑक्सिमीटर बोटाला लावलं आणि ती चटईच्या उजव्या अर्ध्या भागावर जाऊन बसली.

"तिथं नको बसू, बाय," सगुणाबाई म्हणाल्या.

"का?"

"ती कलाची जागा."

"पाचच मिनिटं, आजी. मग उठते."

सगुणाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. थोडी कीव होती, आणि थोडी आशाही असावी. "मग धरून ठेवू नको," त्या म्हणाल्या.

रेकॉर्डर मांडीवर ठेवावा, हातात धरू नये, असं त्या सांगतायत असं ऐश्वर्याला वाटलं. तिने मान डोलावली.

गाणं सुरू झालं आणि तिच्या बरगड्या उघडल्या.

तिने उघडल्या नव्हत्या. आधी बाजूने उघडल्या, मग पाठीकडून, मग खाली कमरेच्या हाडापर्यंत. चौदा वर्षं ती दुसऱ्यांना जसं शिकवत आली होती आणि स्वतःला कधी नीट जमलं नव्हतं, अगदी तसं. क्षणभर तिला नवल वाटलं, चक्क आनंद झाला. इतकी जागा आहे तर आपल्यात! हवा येतच राहिली. भरली, आता पुरे, असं वाटल्यावरही येत राहिली. मग तिने श्वास सोडायला घेतला, आणि सोडायला काही हातालाच लागेना.

शेजारी सगुणाबाईंचा आवाज धीम्या गतीने पुढे चालला होता. डोळे मिटलेले. मान तिच्या बाजूला कललेली.

थांबा म्हणावं म्हणून ऐश्वर्याने तोंड उघडलं. बोलायला बाहेर जाणारी हवा लागते. तिच्याकडे नुसती आत येणारी होती. ती मुकी झाली होती, छाती काठोकाठ भरलेली असताना. बोटावरचा आकडा तिला दिसत होता. पंच्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. डोक्याचा एक कोपरा अजूनही शाबूत होता, आणि तो कोपरा एखाद्या विद्यार्थिनीसारखा टिपून घेत होता: खांदे वर गेले नाहीत. मान ताठलेली नाही. शिट्टी कुठे ऐकू येत नाही. आज शिट्टी का नाही?

सत्त्याऐंशी.

जिन्यावर पावलं वाजली. करिश्मा चहाचा ट्रे घेऊन आली. ती दारात दिसताच सगुणाबाई गायच्या थांबल्या आणि ऐश्वर्याच्या छातीतून सगळी हवा एकदम, हुंदक्यासारखी बाहेर पडली. तिने दोन्ही हात चटईवर टेकले.

"मॅडम! काय झालं? पाणी देऊ?"

"काही नाही. एकदम ठसका लागला."

करिश्मा पाणी आणायला गेली. सगुणाबाईंनी ऐश्वर्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सांगला व्हता ना, धरून ठेवू नको म्हनून. दम सोराचा असतो, बाय. तोंड उघरून सोराचा. कला पन पयल्या वक्ताला अशीच घाबरलेली."

त्या रात्री ऋतुराजला तिने काहीच सांगितलं नाही. तिच्याकडे कारण तयार होतं: गाणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचाही श्वास चालतो, हे तिनेच कितीदा शिकवलंय. एखादा गायक लांब तान घेतो तेव्हा समोरचे श्वास रोखून बसतात. आपण रोखून बसलो. बस. ती शनिवारी पुन्हा बाळकुमला गेली. फक्त सोफ्यावर बसली.

६

मांडवाच्या दिवशी सकाळी अकराला बंगल्यासमोरची गल्ली माणसांनी फुलून गेली होती. ऐश्वर्याला आग्रहाचं बोलावणं होतं. भेटेल त्याला करिश्माचे वडील सांगत होते, "ह्यांनीच आमच्या आयेचा आवाज परत आणला."

मांडवाच्या मधोमध तीच चटई. डाव्या टोकाला नवी हिरवी नऊवारी नेसून सगुणाबाई, पुढ्यात तांदळाचं ताट. उजवी बाजू मोकळी. घरातल्या बायका तिला वळसा घालून जात होत्या, कुणी तिच्यावर पाय देत नव्हतं.

धवळा सुरू झाला. गल्लीतला कलकलाट विरत गेला. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. ऐश्वर्या खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत होती. शिट्टी इथपर्यंत ऐकू येत नव्हती, पण ती नेमकी कुठे वाजत असेल हे तिला कळत होतं. ती मनातल्या मनात फुल्या मारत होती.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "दीदी, आज्जीच्या बाजूला बसा ना. मस्त फ्रेम आहे."

करिश्मा पिवळ्या साडीत, गळ्यात फुलांचा हार, हसत पुढे झाली आणि मोकळ्या जागेत बसली. तिने आजीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सगुणाबाईंचे डोळे मिटलेले होते.

ऐश्वर्याची नजर सवयीच्या जागी गेली. हाराखाली दोन हाडं वर उचलली गेली. आणखी वर. तिथेच राहिली.

एक ओळ. दुसरी ओळ. हाडं खाली आली नाहीत. करिश्माचे डोळे मोठे झाले. तिने तोंड उघडलं. फोटोवाला म्हणाला, "दीदी, स्माइल." माणसांनी भरलेल्या त्या मांडवात कुणालाच काही दिसत नव्हतं, कारण तिथे कुणी कधी श्वासाकडे बघत नाही.

ऐश्वर्या खुर्च्या ढकलत पुढे गेली. करिश्माला दोन्ही दंडांना धरून तिने ओढून उभं केलं. पोरीच्या छातीतून हवा सुटली आणि ती खोकायला लागली. "मॅडम, गरम... खूप गरम होतंय." दोन-तीन बायका धावल्या, तिला पंख्यापाशी घेऊन गेल्या. सगळ्यांना ते उन्हाचंच वाटलं.

चटई पुन्हा मोकळी झाली. ऐश्वर्या तिच्या काठावर उभी होती. आता ती शिट्टी वाजेल म्हणून कान देऊन राहिली. वाजली नाही. जागा आता खरोखरच रिकामी होती, आजींसाठी श्वास घेणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, हे तिला कशावरून तरी ठामपणे कळलं.

सगुणाबाईंचा आवाज बारीक होऊ लागला. ओठ करडे पडत चालले. त्यांनी डोळे उघडले आणि सरळ ऐश्वर्याकडे पाहिलं. गाणं त्यांनी थांबवलं नाही. मांडवातला धवळा अर्ध्यावर तोडायची त्यांची तयारी नव्हती. मेल्या असत्या, पण तोडला नसता. पंख्यापाशी करिश्मा बायकांचे हात सोडवत होती. आजीकडे परत यायला निघाली होती.

मागाहून ऐश्वर्या स्वतःशी म्हणायची की पोरीला वाचवायला आपण बसलो. ते खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. गुडघे दुमडताना तिच्या मनात जे होतं ते साधं होतं: सोडल्यावर काय होतं, ते आपल्याला अजून कळलेलं नाही.

ती बसली. बरगड्या उघडल्या, बाजूने, पाठीने, कमरेपर्यंत. तिने अडवलं नाही. भरू दिलं. सगुणाबाईंच्या आवाजात पुन्हा अंग आलं, रुंदी आली. ओळ शेवटाला आली, आणि ऐश्वर्याने तोंड उघडलं.

पुढची ओळ तिच्या तोंडून आली. शब्द तिला माहीत नव्हते. हेल तिचा नव्हता. त्यातले न आणि ल कोकणातल्या सुर्व्यांच्या घरात कुणी तसे उच्चारले नव्हते. आवाज जाड होता, वयस्कर होता, शेवटाला किंचित चिरकत होता. आणि ती गात असताना तिच्या डाव्या दंडाला टेकलेली सगुणाबाईंची बरगडी पहिल्यांदाच, सावकाश उघडली.

मग त्या, मग ती. मध्ये टाचणी जायला जागा नव्हती.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "अगो, ही तर कला!" दुसरीने तिला गप्प केलं.

धवळा पाऊण तास चालला. ऐश्वर्याला तो संपूर्ण आठवतो. त्यातली अडचण एवढीच, की त्या पाऊण तासात तिला एकदाही भीती वाटली नाही. इतकं मोकळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

७

लग्न नीट पार पडलं. करिश्मा ऐरोलीला सासरी गेली. तिला मांडवातलं काही आठवत नव्हतं. उन्हाने चक्कर आली होती, एवढंच ती सांगायची.

आठ दिवसांनी ऐश्वर्या बाळकुमला गेली. शेवटचा वर्ग घ्यायचा, व्यायामाचा कागद द्यायचा आणि निरोप घ्यायचा. आता सगुणाबाईंना तिची गरज नव्हती. ती स्कूटरवरून पाठ करत आली होती काय बोलायचं ते. पुन्हा चटईवर बसायचं नाही, हेही तिने नक्की केलं होतं. दोन दिवसांपूर्वी जिना चढताना तिला चौथ्या मजल्यावर थांबावं लागलं होतं. उन्हाळा आहे, असं ऋतुराज म्हणाला.

सगुणाबाई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी खाली बसून सुकट निवडत होत्या. समोर परात, बाजूला सूप. चेहरा तुकतुकीत दिसत होता, दहा वर्षांनी वय उतरल्यासारखा. ऐश्वर्या दारात उभी राहिली.

"ये बाय. बस."

"नको आजी, निघायचंय मला. हा कागद द्यायला आले."

"गुरवारी कोलशेतला मांडव हाय," सगुणाबाई सुकटीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "त्यांचा मानूस आल्ता. मी सांगून ठेवलाय, दोगी येतो म्हनून. दुसऱ्या म्हयन्यान ढोकाळीला दोन हायत. पन पयला गुरवारी. येशील ना?"

नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होता.

छाती उघडली नाही.

ती दाराच्या चौकटीला हात लावून तशीच उभी राहिली, तोंड अर्धवट उघडं ठेवून. बरगड्या मिटलेल्या होत्या. कुणी परवानगी दिल्याशिवाय त्या उघडणार नव्हत्या, इतक्या शांतपणे मिटलेल्या. बाहेर गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीत पाणी पडत होतं. सगुणाबाईंनी परात थोडी हलवली, खालची सुकट वर आणली, त्यातली एक काडी उचलून टाकली. मग पाठ सरळ केली आणि कसलीही घाई न करता, अगदी पोटातून, श्वास घेतला.

"येते," ऐश्वर्या म्हणाली.